सातशे रुपयांची पगारवाढ

आधीच माफी मागून ठेवते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या बाईंनी माझ्या वहीवर एकदा शेरा मारला होता, "ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच्या मर्जीने देऊ नये." त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाकडे पाऊस, मैत्री आणि पहिलं प्रेम यावरच्या कविता ढीगभर आल्यात म्हणे. "तू काहीतरी माहितीचं लिही," असं सांगण्यात आलं. माहितीचं म्हटल्यावर मला एकच विषय सुचला, आणि तो आमच्या घरातला आहे.

गोष्ट जुलै २०२२ ची. माझे बाबा तारापूर एमआयडीसीत कापडाच्या एका युनिटमध्ये ऑपरेटर आहेत. त्यांचा पगार २०,६०० रुपये होता, तो २१,३०० झाला. सातशे रुपयांची वाढ. बाबांनी बोईसर स्टेशनच्या बाहेरून पाव किलो पेढे आणले. ऑक्टोबरच्या पे-स्लिपवर आणखी एक आनंदाची बातमी होती. दर महिन्याला ईएसआयचे जे दीडशे-पावणेदोनशे रुपये कापले जायचे, ते कापणं बंद झालं होतं. ऑफिसमधल्या माणसाने सांगितलं, "तुमचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला. आता तुमचं ईएसआय बंद. ते कार्ड ठेवा कपाटात." बाबा हसत घरी आले, "चला, तेवढेच वाचले."

फेब्रुवारी २०२३ मध्ये आईच्या पोटात जोरात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, फार दिवस थांबू नका. ईएसआयचं कार्ड तर "बंद" होतं. मग कोणीतरी सांगितलं, फुले योजनेत होतं का बघा. तिथे पहिला प्रश्न आला, "रेशनकार्ड कुठलं?" आमचं पांढरं. "मग नाही बसत."

शेवटी खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. सोनोग्राफीपासून टाके काढेपर्यंत ६२,००० रुपये लागले. आईच्या दोन बांगड्या गेल्या आणि उरलेले बाबांनी पतपेढीतून काढले. आई आज ठणठणीत आहे, त्यामुळे ही रडकथा नाही. पण मी तेव्हा बारावीला होते आणि हिशोब करायची वाईट सवय मला तेव्हापासूनच आहे. वाढलेले ७०० आणि वाचलेले १५५, म्हणजे महिन्याला ८५५ रुपयांचा फायदा. ६२,००० भागिले ८५५ म्हणजे ७२ महिन्यांच्या थोडं वर. सहा वर्षं! सातशे रुपयांच्या पगारवाढीचे पैसे फिटायला सहा वर्षं लागणार होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. सरकारी किंवा स्वस्त उपचार कोणाला मिळणार हे ठरवणारी ही "उत्पन्नाची मर्यादा" नक्की काय आहे? ती कोण ठरवतं? आणि एका बाजूला २०,६०० वाला "गरजू", तर दुसऱ्या बाजूला २१,३०० वाला एकदम "सुखवस्तू" कसा होतो?

पहिली रेघ : एकवीस हजार

बोईसर-तारापूरच्या कुठल्याही चाळीत विचारा, ईएसआय हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. कर्मचारी राज्य विमा कायदा झाला १९४८ साली. प्रत्यक्ष योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ ला, कानपूर आणि दिल्लीत. कल्पना अगदी साधी. कामगाराच्या पगारातून थोडे कापायचे, मालकाने त्याच्यापेक्षा जास्त घालायचे आणि त्यातून कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषधोपचार द्यायचे. जुलै २०१९ मध्ये हे दर कामगारासाठी ०.७५ टक्के आणि मालकासाठी ३.२५ टक्के असे ठरले. म्हणजे बाबांच्या २०,६०० वर १५५ रुपये बाबांचे आणि सुमारे ६७० मालकाचे. एवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना डॉक्टर, औषधं, ऑपरेशन. अशी पॉलिसी बाजारात शोधून दाखवा!

पण कायद्यात पहिल्यापासूनच रेघ होती. १९४८ साली ती महिना ४०० रुपये पगारावर होती. महागाई वाढली तशी ती सरकत गेली. ऑक्टोबर २००६ मध्ये १०,०००, मे २०१० मध्ये १५,०००, जानेवारी २०१७ मध्ये २१,०००. त्यानंतर २०२५ पर्यंत ती तिथेच उभी होती. डाळ, तेल, रिक्षा, खोलीचं भाडं सगळं पुढे गेलं, पगारही थोडाथोडा वाढला, पण रेघ जागची हलली नाही. त्यामुळे झालं काय, तर कामगार श्रीमंत न होताच रेघेच्या पलीकडे ढकलला गेला.

सिग्नल्सच्या पेपरला आपण स्टेप फंक्शन काढतो ना, शून्यावरून एकदम एकवर उडी मारणारं? ही मर्यादा तशी आहे, फक्त उलटी. २०,९९९ पर्यंत सगळं काही, २१,००१ ला शून्य. मध्ये उतार नाही, कडा आहे. आणि कड्याच्या टोकाला जे उभे असतात तेच पडतात. महिन्याला दोन लाख मिळवणाऱ्याला ईएसआय नाही म्हणून काही बिघडत नाही, त्याच्याकडे मेडिक्लेम असतो.

दुसरी रेघ : रेशनकार्डाचा रंग

आता त्या पांढऱ्या कार्डाचं बघू. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची रेशनकार्डं आली. पिवळं कार्ड वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या घराला. केशरी कार्ड १५,००० च्या वर आणि १ लाखापर्यंत. आणि १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पांढरं.

वर्षाला १५,००० म्हणजे दिवसाला ४१ रुपये, अख्ख्या घराचे! आपल्या कॅन्टीनमध्ये ४१ रुपयांत काय येतं ते मी सांगायला नको. आणि १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३. आज नियम अक्षरशः लावला तर एमआयडीसीत हेल्परचं काम करणाऱ्याचंही कार्ड पांढरं व्हायला पाहिजे. तसं होत नाही, कारण बऱ्याच घरांची कार्डं जुनी आहेत आणि अर्जात उत्पन्न किती लिहायचं हे सगळ्यांना "माहीत" असतं. आमच्या बाबांनी अर्जात खरा आकडा लिहिला. शेजारच्या काकांचा पगार बाबांपेक्षा जास्त, पण त्यांचं कार्ड केशरी. मी काकांना दोष देत नाही. ज्या रेघेखाली खरं बोलून कोणीच बसू शकत नाही, ती रेघ माणसाला खोटं बोलायला शिकवते. आणि खरं बोलणाऱ्याला दंड बसतो.

हा रंग उपचारांना कसा चिकटला? २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, आधी आठ जिल्ह्यांत. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या महाराष्ट्रात आली, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात असलेल्या आपल्या पालघर-बोईसरलाही. (आपला पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) मोठी ऑपरेशनं, हृदयाचे, किडनीचे, कॅन्सरचे उपचार योजनेतल्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात मोफत. एका घराला वर्षाला दीड लाखापर्यंत, किडनी बदलायची असेल तर अडीच लाखापर्यंत. २०१७ पासून हिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. पण आपल्या भागात ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांनाच होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही होती, पण पालघर त्यात नव्हतं.

२३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली. तिची गंमत अशी की तिथे उत्पन्नाचा दाखला विचारतच नाहीत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात तुमचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघतात. गावात कच्च्या भिंतींचं एकच खोलीचं घर, मजुरीवर जगणारं भूमिहीन घर, अनुसूचित जाती-जमातीचं घर असे ते रकाने. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरीच्या आदिवासी घरांना याचा मोठा आधार आहे. पण २०११ नंतर ज्याचं नशीब फिरलं त्याचं नाव त्या यादीत कुठून येणार?

एकच घर, सहा उत्तरं

हॉस्टेलच्या मुलांना उत्पन्नाचा दाखला म्हणजे काय हे मी समजावून सांगायची गरज नाही. जून-जुलै आला की आपण सगळे सेतूच्या रांगेत. तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांची सही, मग स्कॉलरशिपची वेबसाइट हँग! तर आमच्या घराचं तेव्हाचं उत्पन्न घेऊ : २१,३०० गुणिले १२, म्हणजे २,५५,६०० रुपये. हाच आकडा सहा खिडक्यांवर नेऊन दाखवू.

फी सवलतीच्या खिडकीवर मर्यादा ८ लाख. तिथे आम्ही गरजू. ओबीसीच्या नॉन-क्रिमी लेअरची मर्यादाही ८ लाख, तिथेही आत. अनुसूचित जमातीच्या पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिपची मर्यादा अडीच लाख, म्हणजे याच पगाराच्या घरातली माझी रूममेट ५,६०० रुपयांनी बाहेर. रेशनच्या खिडकीवर मर्यादा १ लाख. तिथे आम्ही श्रीमंत. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत ग्रामीण भागाला ४४,००० आणि शहराला ५९,०००. तिथे तर आम्ही फारच श्रीमंत. आणि ईएसआयच्या खिडकीवर तीनशे रुपयांनी श्रीमंत.

घर एक, चूल एक, पगार एक. एका टेबलावर सरकार म्हणतं, "बिचारे, यांची फी माफ करा." दुसऱ्या टेबलावर तेच सरकार म्हणतं, "तुम्ही खासगीत जाऊ शकता." प्रत्येक मर्यादा वेगळ्या वर्षी, वेगळ्या खात्याने ठरवली. काही सरकल्या, काही १९९९ पासून तशाच आहेत. फी भरताना आम्हाला मदत मिळाली याचा मला आनंदच आहे. पण फी कधी भरायची हे वर्षभर आधी माहीत असतं. पित्ताशयातला खडा तारीख सांगून दुखत नाही.

मग मर्यादा घालतातच कशाला?

मी घरी हा प्रश्न रागाने विचारला तेव्हा बाबांनीच दुसरी बाजू सांगितली. "पैसे मोजके असतील तर आधी कोणाला द्यायचे? आपल्याला की मोखाड्याच्या कातकऱ्याला?" बरोबर आहे. मर्यादेच्या मागचा विचार हाच आहे, की सगळ्यांना पुरणार नसेल तर ज्याला जास्त गरज आहे त्याला आधी.

पण मर्यादा म्हणजे एक फिल्टर, आणि प्रत्येक फिल्टर दोन चुका करतो हे आपण शिकलोय. नको ते आत येतं आणि हवं ते बाहेर राहतं. रेघ जितकी खाली ओढाल तितकी दुसरी चूक वाढते. शिवाय फिल्टर फुकट चालत नाही. दाखला काढायचा म्हणजे कामगाराचे दोन खाडे आणि झेरॉक्स-रिक्षाचा खर्च. आणि दाखला काढायची वेळ येते तेव्हा घरचं माणूस बहुतेक आधीच खाटेवर असतं.

जगातही याचे दोन रस्ते दिसतात. आपल्याकडे ईएसआयचा कायदा झाला त्याच वर्षी, ५ जुलै १९४८ ला, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिने उत्पन्न विचारलंच नाही. ज्याला जास्त पगार त्याने कर जास्त भरावा, पण दवाखान्याच्या दारात सगळे सारखे. अमेरिकेने १९६५ साली मेडिकेड आणली, ती मर्यादेवर चालते. थोडा पगार वाढला की मदत जाते, म्हणून ओव्हरटाइम नाकारणारे लोक तिथेही आहेत. आपल्या देशात १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला होता. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये, हेच त्याचं सूत्र होतं. म्हणजे विचार आपल्याकडेही जुनाच आहे.

आणि खरं तर काही गोष्टींना आपल्याकडे कधीच मर्यादा नव्हती. पोलिओचा डोस देताना कोणी रेशनकार्ड विचारत नाही. टीबीची सरकारी औषधं सगळ्यांना मोफत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, कार्ड कुठल्याही रंगाचं असो. २०१४ पासून धावणारी १०८ ची ॲम्ब्युलन्स पगार विचारून येत नाही. मे २०२० मध्ये, कोरोनात, फुले योजनाही काही काळ पांढऱ्या कार्डवाल्यांना खुली केली होती. म्हणजे ठरवलं तर होतं!

२०२३ नंतर काय बदललं?

हा भाग नीट वाचा, कारण अजूनही खूप जणांना माहीत नाही. आमच्या आईचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, आणि त्याच वर्षी राज्याने दोन मोठ्या रेघा पुसायचं ठरवलं.

पहिली : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. केस पेपरचे पैसेसुद्धा नाहीत. उत्पन्नाची अट नाही. पण लक्षात ठेवा, मुंबईचं जे.जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचं आहे आणि केईएम, नायर, सायन महापालिकेचे आहेत. हा निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. तिथे फी कमी असते, पण असते.

दुसरी : जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने फुले योजना सगळ्यांसाठी खुली करायचं ठरवलं, २८ जुलैला शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून ती नव्या रूपात सुरू झाली. आता पांढरं कार्डही चालतं. संरक्षण एका घराला वर्षाला ५ लाख. त्या निर्णयात १,३५६ उपचारांची यादी होती. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" नावाचा माणूस बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटायचं.

त्याशिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानमध्ये ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांचं संरक्षण आहे. माझ्या आजीचं कार्ड मीच काढून दिलं. आता ती सगळ्यांना सांगते, "माझा पाच लाखांचा विमा आहे."

उरलेल्या रेघा

सगळं छान झालं असं नाही. तीन रेघा अजून आहेत.

एक, धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टची जी मोठी रुग्णालयं आहेत त्यांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ एए कलमाखाली गरिबांसाठी खाटा ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी प्रत्येक बिलातले २ टक्के वेगळ्या निधीत. सुरुवातीला मर्यादा वर्षाला २५,००० आणि ५०,००० होत्या. आता त्या १,८०,००० आणि ३,६०,००० आहेत. म्हणजे २,५५,६०० चं घर आज सवलतीच्या रांगेत बसतं. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. मात्र इमर्जन्सी असेल तर आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, असं योजनेतच लिहिलंय.

दोन, वास्तव्याची रेघ. फुले योजनेला महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला पाहिजे. आता आपल्या बोईसरकडे बघा. एमआयडीसीतले किती कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आहेत! एका खोलीत आठ-आठ जण, रेशनकार्ड गावाला. त्यांच्या गावच्या यादीत नाव असेल तर आयुष्मान कार्ड इथेही चालतं, कारण ते देशभर चालतं. नसेल तर त्यांच्यासाठी ईएसआय हाच खरा आधार. आणि ठेकेदाराने कागदावर दाखवलंच नसेल तर तोही नाही.

तीन, अंतराची रेघ. ही कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेली नसते. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा ती घरं प्रत्येक मर्यादेच्या खालीच होती. कागदावर सगळ्या योजनांना पात्र. पण दवाखाना, रस्ता आणि डॉक्टर हे तिन्ही एकत्र नव्हते. आजही आपल्याकडे पेशंट सिरीयस झाला की लोक सिल्वासा, वलसाड, नाशिक किंवा मुंबईची वाट धरतात. बोईसरहून मुंबई शंभर किलोमीटरच्या आसपास. उपचार फुकट आणि गाडीभाडं पाच हजार, असंही होतं. उत्पन्नाची रेघ पुसली की रांग वाढते. मग खाटा, डॉक्टर आणि औषधंही वाढायला पाहिजेत. नाहीतर जुनी रेघ दारात होती, नवी रेघ रांगेत.

आम्हाला न कळलेला नियम

आता सगळ्यात शेवटी ती गोष्ट, जिच्यामुळे मला दोन रात्री झोप लागली नाही. हा लेख लिहायला घेतला म्हणून मी ईएसआयचे नियम वाचायला लागले. कंटाळवाणे, लांबलचक. त्यात दोन गोष्टी सापडल्या.

पहिली अशी की वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच पगार वाढला तरी त्या काळाच्या शेवटपर्यंत वर्गणी चालू राहते. म्हणून बाबांची कपात सप्टेंबरपर्यंत झाली. हे ऑफिसला माहीत होतं.

दुसरी अशी की वर्गणीच्या प्रत्येक काळाला पुढचा एक लाभाचा काळ जोडलेला असतो. एप्रिल ते सप्टेंबरचा लाभ पुढच्या वर्षीच्या जानेवारी ते जूनमध्ये. आणि २०२२ साली लागू असलेला नियम सांगतो की वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर जोडलेला लाभाचा काळ संपेपर्यंत औषधोपचार मिळतात. बाबांनी एप्रिल ते सप्टेंबर २०२२ ची पूर्ण वर्गणी भरली होती. म्हणजे आमचं कार्ड ३० जून २०२३ पर्यंत चालू होतं. आईचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं.

म्हणजे त्या कड्याला खरं तर एक उतार होता. नऊ महिन्यांचा. कायदा करणाऱ्यांनी विचार करून ठेवला होता. फक्त तो कोणी आम्हाला दाखवला नाही. "कार्ड कपाटात ठेवा" म्हणणाऱ्या माणसालाही बहुतेक माहीत नसेल. मी त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आम्हीही कुठे विचारलं होतं?

बाबांना हे कसं सांगावं तेच कळेना. शेवटी एका रविवारी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. आई म्हणाली, "जाऊ दे, बांगड्या काय परत येतात." मग बाबा म्हणाले, "आमच्या खात्यात दोन पोरं आहेत, त्यांचा पगार यंदा एकवीसच्या वर जाईल. मला हे मराठीत एका कागदावर लिहून दे." तो कागद मी लिहून दिला. खरं तर हा लेख म्हणजे तोच कागद, जरा मोठा केलेला.

तर मंडळी, जाता जाता एवढं करा.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी घरच्या रेशनकार्डाची आणि स्वतःच्या आधारची एक प्रत बॅगेत ठेवा. आई किंवा बाबांना ईएसआय असेल तर कार्डावर तुमचं नाव आहे का बघा. शिकणाऱ्या मुलाला २१ वर्षांपर्यंत आणि मुलीला लग्न होईपर्यंत त्याचा लाभ मिळतो. घरात कोणी सत्तरीच्या पुढे असेल तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढून द्या, मोबाईलवर निघतं.

मेसमधल्या मावशी, गेटवरचे वॉचमन काका, सफाईचे दादा, हा लेख तुमच्यासाठीही आहे. ठेकेदाराकडे दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार मर्यादेच्या आत असेल तर ईएसआय हा तुमचा हक्क आहे. पे-स्लिप मागा, त्यावर विमा नंबर बघा. पैसे कापले जातात पण नंबर नाही, असं असेल तर विचारा. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात पगार मर्यादेवर गेला तर घाबरू नका, मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. आणि पगार खरोखर वाढला तर आधी पेढे वाटा, पण कार्ड कपाटात टाकण्याआधी विचारा, "लाभ कुठल्या तारखेपर्यंत आहे?"

हा एक प्रश्न विचारला असता तर आमचे ६२,००० रुपये वाचले असते. कोणाला नियम वाचायला अडचण आली तर मी लेडीज हॉस्टेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर असते. मेसमध्ये निरोप ठेवा. पे-स्लिप घेऊन या, आपण बसून बघू.